शिलाईचं उत्पन्न लपवून घर घ्यायचं का?

पत्राचा सारांश : नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ भाड्याने राहणाऱ्या चौतीस वर्षांच्या एका ताईंचं हे पत्र. मिस्टर अंबड एमआयडीसीत कायम कामगार आहेत, हातात महिन्याला ३३ हजार येतात. ताई घरी शिलाईकाम करतात, त्यातून खर्च वजा जाता साधारण १२ हजार सुटतात. मिस्टरांचा कपातीआधीचा पगार धरला तर दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न सव्वासहा लाखांच्या आसपास. दोन मुलं, भाडं ९ हजार, बँकेत साडेसहा लाखांची ठेव. एका एजंटाने नव्या इमारतीतला टू बीएचके दाखवला आहे. एकूण किंमत ३७ लाख, त्यातले ३४ लाख ९० हजार कागदावर आणि उरलेले रोख. ३० लाखांचं कर्ज एका हाउसिंग फायनान्स कंपनीकडून करून देतो, असं तो म्हणतो. "प्रधानमंत्री आवास योजनेत २ लाख ६७ हजार मिळतील, पण वहिनी, तुमची शिलाई दाखवू नका, सहा लाखांच्या वर गेलात तर सबसिडी कमी होईल," असंही त्याने सांगितलं. निफाड तालुक्यातल्या गावी सासऱ्यांनी बांधलेलं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर आहे. सासऱ्यांच्या मागे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरपट्टीच्या उताऱ्यावर) सासूबाई, दीर आणि मिस्टर अशी तिघांची नावं लागली आहेत. एजंटाचं म्हणणं, मिस्टरांचं हक्कसोडपत्र करून टाका किंवा सरळ सांगूच नका. योजना ३१ मार्चला बंद होणार, आणि कुंभमेळ्यानंतर नाशिकमध्ये घर घेणं विसरा, असा त्याचा धोशा आहे. मिस्टरांना मात्र सिडकोजवळचा एक जुना वन बीएचके आवडला आहे, २६ लाखांचा. ताई विचारतात, "सरकार मदत करतंय तर मोठं घर का सोडायचं? आम्ही पात्र आहोत ना?"

उत्तर :

ताई, तुमचं पत्र वाचून आधी मला त्या एका वाक्यावर थांबावंसं वाटलं. "शिलाई दाखवू नका." बारा हजार रुपये महिना, तेही दोन मुलं आणि घर सांभाळून. ती कमाई कागदावरून पुसून टाकायची आणि घर मात्र योजनेसाठी तुमच्या नावावर घ्यायचं, हा सल्ला तुम्हाला कुणीतरी अगदी सहज दिला. तो चुकीचा तर आहेच, पण त्यात तुमचं नुकसानही आहे. कसं ते हिशेबानेच दाखवते.

एजंटाने सांगितलेले आकडे हवेतले नाहीत, फक्त ते संपलेल्या योजनेचे आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग २०१५ मध्ये सुरू झाला. त्यात गृहकर्जावरच्या व्याजाला अनुदान होतं. वार्षिक सहा लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार मिळायचे आणि त्यावर गेलं की २ लाख ३५ हजार. म्हणून त्या काळी सहा लाखांची रेघ महत्त्वाची होती. मध्यम उत्पन्न गटासाठी ते अनुदान ३१ मार्च २०२१ ला बंद झालं आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ३१ मार्च २०२२ ला. तुमच्या एजंटाची ३१ मार्चही तिथलीच आहे.

आता चालू आहे ती योजना २.०. ती १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे. तिच्यातल्या व्याज अनुदानाची मांडणी अशी : कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) १२० चौरस मीटरपर्यंत, आणि कर्ज १ सप्टेंबर २०२४ नंतर मंजूर झालेलं. कर्जाच्या पहिल्या आठ लाखांवर बारा वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी चार टक्के व्याज अनुदान धरलं जातं. हातात येणारी कमाल रक्कम १ लाख ८० हजार, तीही पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे वर्षाला ३६ हजार, आणि ते तुमच्या बचत खात्यात नव्हे, कर्जखात्यात जमा होतात.

यात तीन लाखांच्या आतले, सहाच्या आतले आणि नऊच्या आतले असे तीन गट आहेत खरे. पण व्याज अनुदानाची रक्कम तिघांनाही सारखीच आहे. सव्वासहा लाख दाखवले काय आणि पावणेपाच दाखवले काय, या अनुदानात तुम्हाला एक रुपयाचा फरक पडत नाही. लपवण्याचं कारणच उरत नाही.

उलट दाखवण्याची कारणं खूप आहेत. कर्ज देणारा साधारणपणे हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता बसू देतो. फक्त मिस्टरांचे ३३ हजार धरले तर हप्ता साडेसोळा हजार, आणि साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी कर्ज बसतं १९ लाख. तुमचे बारा हजार धरले की तेच कर्ज जवळजवळ २६ लाखांपर्यंत जातं. तुमच्या सुई-दोऱ्याची बँकेच्या लेखी किंमत सात लाख रुपये आहे, ताई. ती लपवायला सांगणारा माणूस त्याच दमात ३० लाखांचं कर्ज कुठून करून देणार आहे? देईल तो, जास्त व्याजाने. साडेदहा टक्क्यांनी ३० लाखांचा वीस वर्षांचा हप्ता ३० हजारांच्या घरात जातो. पंचेचाळीस हजारांतून तीस वजा केले की घरात राहतात पंधरा. त्यात मुलांची फी, किराणा, गॅस, गाडीचं पेट्रोल, सोसायटीचा मेंटेनन्स. तुम्ही रोज हिशेब ठेवणाऱ्या बाई आहात, पुढचं मी सांगायला नको.

शिवाय त्या फ्लॅटला अनुदान मिळणारच नाही. कर्ज ३० लाखांचं झालं की २५ लाखांची मर्यादा ओलांडली. "सबसिडी आठ लाखांवरच असते, बाकी कितीही कर्ज काढा" असं काही जण समजावतात. ते बरोबर नाही. अनुदान आठ लाखांवर मोजतात, पण एकूण कर्ज पंचवीसच्या आतच हवं. घराची खरी किंमत ३७ लाख, ती पस्तिसात बसवायला दोन लाख दहा हजार रोख द्यायचे. या रोखीवर बँक कर्ज देणार नाही, पावती कुणी देणार नाही, आणि उद्या ताबा रखडला तर महारेराकडे दाद मागताना तुम्ही फक्त कागदावरच्या रकमेबद्दल बोलू शकाल. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्यालाही मंजूर नाही. एक लाख ऐंशी हजारांसाठी दोन लाख दहा हजार बिनपावतीचे द्यायचे, हा व्यवहार मला कुठूनही पटत नाही.

तुम्ही विचारलंत, "आम्ही पात्र आहोत ना?" पात्र असणं आणि परवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या पत्रात त्या एक झाल्यात असं मला वाटलं. सरकारने नऊ लाख, पस्तीस लाख, पंचवीस लाख या रेघा देशभरासाठी आखल्या. तुमच्या धाकट्याची शाळा कोणती, सासूबाईंच्या औषधाला किती लागतात, लग्नसराईत तुमची शिलाई दुप्पट आणि पितृपक्षात निम्मी होते का, हे त्या रेघांना माहीत नाही. म्हणून घर ठरवताना अनुदान शून्य धरा. शून्य धरूनही जे घर झेपेल तेच तुमचं. मिळालं तर ते पैसे कर्जखात्यात जातील आणि मुद्दल तेवढी कमी होईल, इतकंच.

आणखी एक गैरसमज मला वारंवार भेटतो, तुमच्या पत्रातही त्याची सावली आहे : "सरकार मागे उभं आहे." अल्प उत्पन्न गटांच्या गृहकर्जांसाठी सरकारचा एक पतहमी निधी आहे, नव्या योजनेत तो एक हजार कोटींवरून तीन हजार कोटींवर नेला आहे. पण ही हमी कर्ज देणाऱ्या संस्थेला असते. पगाराची स्लिप नसलेल्यांना कर्ज द्यायला बँका कचरतात, ती भीती कमी व्हावी म्हणून. हप्ते थकले तर सरकार तुमच्या वतीने फेडत नाही. नोटीस तुमच्याच दारावर लागते.

आता गावच्या घराचं, कारण खरी अडचण तिथे आहे.

योजनेची अट अशी की नवरा, बायको आणि अविवाहित मुलं यांपैकी कुणाच्याही नावावर भारतात कुठेही पक्कं घर नसावं, आणि गेल्या वीस वर्षांत सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. निफाडचं घर स्लॅबचं, म्हणजे पक्कं. नमुना ८ वर तुमच्या मिस्टरांचं नाव. हिस्सा तिसरा आहे, तिथे दीर राहतात, तुम्ही फक्त जत्रेला आणि दिवाळीला जाता, हे सगळं खरं. तरी "माझ्या नावावर पक्कं घर नाही" अशा स्वयंघोषणेवर सही करताना हात अडखळायला हवा. माझ्या मते तुमची पात्रता इथे अडकण्याची शक्यताच जास्त आहे. खोटी घोषणा उघडी पडली तर अनुदान परत वसूल होतं आणि कायद्याची कटकट मागे लागते ती वेगळीच. आधार क्रमांक सगळीकडे जोडलेला असताना हे फार दिवस झाकून राहील, या भरवशावर राहू नका. बँकेत अर्ज करताना नमुना ८ चा उतारा स्वतःहून जोडा, हिस्सा किती आहे ते लिहा, आणि पात्र आहे की नाही हे लेखी मागा. नाही म्हणाले तर नाही. घर तरीही घेता येतं.

हक्कसोडपत्राबद्दल मात्र मी तुम्हाला हात जोडून सांगेन, थांबा. नोंदवलेलं हक्कसोडपत्र मागे घेता येत नाही. निफाड तालुक्यातल्या त्या दोन खोल्यांच्या तिसऱ्या हिश्श्याची किंमत आज किती आहे हे कुणी मोजलं आहे का? ती अनुदानाच्या एक लाख ऐंशी हजारांपेक्षा जास्तही असू शकेल. आणि पैशांपलीकडचं एक आहे. मी एका बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली. भावाभावांमध्ये कायमचा अबोला धरायला लावणारे कागद मी टेबलावरून जाताना पाहिले आहेत, त्यात घाईने केलेली हक्कसोडपत्रं बरीच होती. दिराला आज आनंद होईल, सासूबाईंना वाटेल धाकट्याने घराशी नातं तोडलं, आणि दहा वर्षांनी तुमचीच मुलं विचारतील की आमचं गावचं घर कुठे गेलं. घरच्यांना मुळातच वाटणी करायची असेल, दीर-जावेला ते घर पूर्ण हवं असेल आणि ते तुमच्या हिश्श्याचे योग्य पैसे द्यायला तयार असतील, तर तो वेगळा विषय. तो सावकाश, सासूबाईंना मध्ये बसवून करावा. अनुदानासाठी नको.

मग काय करायचं? मला विचाराल तर मिस्टरांची नजर चांगली आहे. सिडकोजवळच्या २६ लाखांच्या घराचा हिशेब मांडून बघू. कर्ज १९ लाख घेतलं, तर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साडेसोळा हजार. आजच्या भाड्यापेक्षा साडेसात हजार जास्त. स्वतःचे सात लाख घालावे लागतील. मुद्रांक शुल्क साधारण सहा-सात टक्के, म्हणजे दीड ते पावणेदोन लाखांच्या आसपास. नोंदणी शुल्क एक टक्का, २६ हजार. जुनं घर असल्याने जीएसटी नाही. सोसायटीचं हस्तांतर, वकील, थोडी रंगरंगोटी धरून नऊ लाखांच्या वर जमवावे लागतील. तुमच्याकडे साडेसहा आहेत. निदान अडीच लाखांचं खिंडार उरतं. मिस्टरांच्या पीएफमधून घरासाठी काही रक्कम काढता येते, ते कंपनीच्या एचआरमध्ये विचारा. दागिने हा शेवटचा पर्याय ठेवा, आणि मोडायचे की नाही हे फक्त तुम्ही ठरवा. ते तुमचं स्त्रीधन आहे. साडेसहाच्या साडेसहा लाख ओतूही नका. तीन महिन्यांचा खर्च बँकेत राहिला पाहिजे, अंबडमध्ये ऑर्डर कमी झाल्या की ओव्हरटाइम सर्वांत आधी बंद होतो हे तुम्हाला माहीत आहे.

जुन्या घराच्या खरेदीलाही ही योजना लागू होते, नवंच हवं असं नाही. कागदपत्रं मात्र वकिलाकडून तपासून घ्या : मूळ वाटपपत्र, लीजची मुदत, आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, वाढीव बांधकाम केलं असेल तर त्याची परवानगी. त्या भागातल्या कित्येक घरांत मूळ खोलीपुढे एक खोली पुढच्या मालकाने वाढवलेली असते, आणि बँकेचा इंजिनिअर मंजूर नकाशाएवढ्याच भागाची किंमत धरतो. मग कर्ज अपेक्षेपेक्षा दोन लाखांनी कमी मंजूर होतं आणि ऐनवेळी धावपळ होते. म्हणून टोकन देण्याआधी बँकेला विचारा, नंतर नव्हे. टोकन चेकने द्या, आणि "कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत" हे पावतीवर लिहून घ्या.

घर कुणाच्या नावावर, यावर थोडं बोलू. योजना घरात बाईचं नाव हवं म्हणते, एकटीच्या किंवा नवऱ्याबरोबर. महाराष्ट्रात खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. २६ लाखांवर ते २६ हजार होतात. नवऱ्याबरोबर संयुक्त नाव लावलं तर ती सवलत जाते. कर्जात मिस्टर सहकर्जदार राहू शकतात. सव्वीस हजार मोठी रक्कम आहे, पण यात मिस्टरांच्या मनाचाही विचार करा. गावच्या घरात नाव आहे म्हणून टोचणी, शहरातल्या घरात नावच नाही, असं त्यांना वाटणार असेल तर संयुक्त नाव बरं. दोघांनी बसून ठरवा, एजंटासमोर नव्हे.

आणि तुमची शिलाई दाखवण्याची तयारी आजपासून करा. नुसतं "मी बारा हजार कमावते" म्हटलं तर बँक मानत नाही. गिऱ्हाइकांकडून पैसे यूपीआयने घ्या, रोख आले तर दर आठवड्याला स्वतःच्या खात्यात भरा. उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) मोफत होते, ती करून घ्या. कर भरावा लागत नसला तरी आयकर विवरणपत्र भरा. बँका बहुतेक वेळा दोन वर्षांची विवरणपत्रं मागतात. तेवढा धीर नसेल तर खात्याचं सहा महिने ते वर्षभराचं स्टेटमेंट आणि ऑर्डरची वही घेऊन जा. अनौपचारिक उत्पन्न घरी येऊन तपासणाऱ्या संस्था आहेत, पण त्यांचं व्याज जास्त असतं, म्हणून आधी सरकारी बँकेची पायरी चढा.

अर्ज योजनेच्या संकेतस्थळावर किंवा कर्ज देणाऱ्या बँकेमार्फत होतो. दोघांचं आणि मुलांचं आधार, उत्पन्नाचा पुरावा, पक्कं घर नसल्याची घोषणा. अनुदान "पास करून देण्याचं" कमिशन कुणी मागितलं तर देऊ नका. अनुदानाचा प्रत्येक वार्षिक हप्ता येताना कर्ज चालू असावं लागतं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावी लागते. मधल्या काळात गावची जमीन विकून कर्ज झटपट फेडायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा.

म्हाडाचाही विचार करा. नाशिक मंडळाच्या सोडती निघतात, मोठ्या खासगी प्रकल्पांत कमी उत्पन्न गटांसाठी राखलेली वीस टक्के योजनेतली घरंही त्यात असतात. तिथल्या उत्पन्नाच्या मर्यादा आणि घराच्या मालकीची अट आवास योजनेपेक्षा वेगळ्या तऱ्हेने मांडलेली असते, त्यामुळे गावच्या घरावरून एका ठिकाणी नाकारलं म्हणजे दुसरीकडेही नाकारतील असं नाही. जाहिरात ओळीने ओळ वाचा. अधिवासाचा दाखला आतापासून काढून ठेवा, तो ऐनवेळी मिळत नाही.

कुंभमेळ्याबद्दल. २०२७ चं सिंहस्थ तोंडावर आहे, रस्त्यांची कामं चालली आहेत, आणि प्रत्येक एजंटाच्या तोंडी तोच शब्द आहे. भाव वाढतीलही. पण तीस हजारांचा हप्ता थकला तर वाढलेल्या भावाचा फायदा तुमच्या हाती राहत नाही. सहा महिने असं करा : भाड्याचे नऊ हजार देता, त्याच्यावर साडेसात हजार दर पाच तारखेला आवर्ती ठेवीत टाका, जणू हप्ताच सुरू झाला. सहाही महिने न चुकता गेले, उसनवारी करावी लागली नाही, तर १९ लाखांचं कर्ज तुम्हाला झेपतं. वर ४५ हजार जमतील ते खिंडार भरायला. दोन महिन्यांतच ओढाताण झाली तर १६ लाखांच्या कर्जात बसेल असं घर शोधा.

त्या वन बीएचकेत परत एकदा जा, दुपारी तीनच्या सुमाराला. मशीन कुठे बसेल ते टेपने मोजा, तिथे उजेड किती येतो ते बघा, आणि घरून शिलाईकाम करायला हरकत नाही ना, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून या.